भोंग्यातून आईचा आवाज

सिंगापूरच्या शिपयार्डात बाबांची पाठ गेली आणि घरातलं बोलणंच बंद झालं. बाबा फिटर. इचलकरंजीहून आलेले, दहावी नापास. हौगांगच्या आमच्या भाड्याच्या खोलीत ते दिवसभर चटईवर पडून राहायचे, पंख्याकडे बघत. आई सेरंगूनच्या कॉन्डोंमध्ये, पैसेवाल्यांच्या सोसायट्यांत, पोळ्या करायला जायची. सगळी मराठी घरं. पुण्या-मुंबईची माणसं, बँकेतली, आयटीतली. तिथे तिची जात कुणी विचारली नाही. गाव विचारलं. मग गल्ली विचारली. कळलं त्यांना. दुसऱ्या दिवसापासून तिच्या चहाचा कप सिंकखाली गेला, फिनाईलच्या बाटलीशेजारी. तिच्या हातच्या पोळ्या चालत होत्या. तिने ओठ लावलेला कप चालत नव्हता.

संध्याकाळी ती उरलेली भाजी डब्यात घेऊन यायची. तेच आमचं जेवण. कुठली भाजी कुठल्या घरची, हे मला चवीवरून कळायचं.

त्यातलंच एक घर मेधाकाकूंचं. त्यांची मुलगी सानिका माझ्याच वयाची, इंटरनॅशनल स्कूलमध्ये. तीही फुटबॉल खेळायची. मी आमच्या साध्या नेबरहुड स्कूलच्या टीममध्ये डिफेन्डर होते. आईने हे काकूंना अभिमानाने सांगितलं. तीच चूक झाली. काकूंनी निरोप धाडला, पोरीला घेऊन या, सानिकाचे जुने बूट आहेत.

आम्ही गेलो तर हॉलमध्ये मराठी मंडळाच्या बायका चहा पीत बसलेल्या. काकूंनी पिशवीतून बूट काढून फरशीवर ठेवले.

"घालून दाखव."

मी घातले. ढिले होते.

"पुढे कापूस कोंब गं, होतील. आणि वाक ना जरा, नमस्कार कर."

मी वाकले. एकीने फोटो काढला. घरी पोचायच्या आत तो मंडळाच्या ग्रुपवर गेला होता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला कणीक, तोंडावर हसू. ते हसू मला आजही बघवत नाही.

पण बूट मी घातले. दुसरे नव्हते. त्या बुटांत मी वर्षभर खेळले, आणि चांगली खेळले. समोरची मुलगी कुठे वळणार हे तिच्या कमरेवरून ओळखायला शिकले. आमचे कोच मिस्टर लिम फार बोलायचे नाहीत. एकदा म्हणाले, "यू रीड द गेम." मी ते चार शब्द घरी घेऊन आले. बाबांना सांगितले. बाबांनी पंख्यावरची नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं.

शाळांच्या त्या स्पर्धेत आम्ही फायनलला पोचलो. समोर सानिकाची शाळा. स्पर्धेला पैसे देणाऱ्यांत आपल्या मराठी लोकांचा इंटरनेट रेडिओही होता. पुण्यातल्या आजी-आजोबांना नातींची मॅच ऐकता यावी म्हणून मराठीतून कॉमेंटरी. मैदानाच्या कडेला टेबल, टेबलावर माईक, आणि तेच सगळं मैदानभर ऐकू यावं म्हणून खांबाला भोंगा. माईकवर परागकाका. मेधाकाकूंचे मिस्टर. सानिकाचे बाबा. स्वतःच्या मुलीच्या मॅचची कॉमेंटरी बाप करतोय, यात कुणालाही वावगं वाटलं नाही.

आईलाही बोलावलं होतं. मॅच बघायला नव्हे. मंडळाच्या लोकांना बटाटेवडे वाढायला. ती टेबलामागेच उभी होती, हातात चिमटा.

शिट्टी झाली.

"सानिका! काय अंदाज घेतला पोरीने! डोकं लागतं हो याला, नुसते पाय असून चालत नाही."

थोड्या वेळाने तोच चेंडू, तशाच अंतरावरून, तसाच मी काढून घेतला. तिला हातसुद्धा न लावता.

"आणि आल्या आमच्या पोळीवाल्या मावशींच्या कन्या! धाडकन! ताकद आहे, ताकद आहे. कणीक मळून आलेली दिसतेय."

टेबलाभोवती हशा.

असंच चाललं. सानिकाचा पास चुकला की उन्हाचा त्रास होतोय बिचारीला. आमचा चुकला की शिकवणार कोण यांना. त्यांच्या मुली विचार करायच्या, आम्ही घुसायचो. त्यांच्या पडल्या की अरेरे. आमची नूर पडली, घोटा मुरगळला, तोंड वेडंवाकडं करून बसली, तर भोंगा म्हणाला, "उठतील, उठतील. यांना सवय असते." नूर उठली नाही. तिला उचलून बाहेर नेलं. भोंगा तोवर सानिकाच्या आजोबांना नमस्कार सांगत होता.

माझ्या टीममध्ये मलय, चिनी, तमिळ मुली. मराठी कळणारी मी एकटी. रेफरीला कळत नव्हतं, मिस्टर लिमना कळत नव्हतं. मराठीतून अपमान करायला सिंगापूर फार सोयीचं आहे. शेजारी उभा असलेल्यालाही पत्ता लागत नाही.

आमच्या गोलकीपरने विचारलं, "ही टॉकिंग अबाउट यू, ह? व्हाय ऑल लाफिंग?"

"नथिंग लाह," मी म्हटलं.

मी खोटं बोलले, कारण खरं सांगायला तोंडात शब्दच नव्हता. पोळीवालीला इंग्रजीत काय म्हणतात?

मग सानिका एकटी निघाली. गोल होणारच होता. मी मागून पोचले, पाय घातला, चेंडू स्वच्छ बाहेर. असा टॅकल रोज होत नाही. आमच्या मुली ओरडल्या. आणि भोंग्यातून परागकाका आधी हसले, मग बोलले.

"श्रोतेहो, एक गंमत सांगतो. हिच्या पायातले बूट ओळखीचे वाटतात का? आमच्या सानिकाचेच ते, जुने! म्हणजे सानिकाचा गोल अडवला कुणी? सानिकाच्याच बुटांनी!"

हशा. टाळ्या. सानिकाही हसली. माझ्यापासून हातभर अंतरावर.

मला वाटलं, झालं, याच्या खाली आता काही नाही. होतं.

"मावशी, या ना इकडे. या, या, लाजू नका. लेकीला सांगा जरा हळू खेळ म्हणावं. आमच्या मुलींना लागेल हो."

मी वळून बघितलं. त्यांनी माईक आईच्या तोंडासमोर धरला होता. तिच्या हातात वड्याची प्लेट. तिने आधी प्लेट खाली ठेवायला जागा शोधली. सापडली नाही. मग भोंग्यातून माझ्या आईचा आवाज आला, सगळ्या मैदानावर.

"बाळा, हळू खेळ."

मी ज्या आवाजाने रोज उठते तो आवाज. त्यांनी तोसुद्धा वापरला.

हाफटाइमची शिट्टी झाली तेव्हा मुली पाण्याकडे गेल्या. मी टेबलाकडे गेले. वाटेत थांबले नाही, विचारही केला नाही. टेबलासमोर बसून नाड्या सोडल्या, बूट काढले. आतला कापूस बाहेर लोंबत होता. चिखलासकट ते बूट मी माईकजवळ ठेवले, वड्यांच्या ताटाला लागून. परागकाका म्हणाले, "अगं, अगं, हे काय!" माईक चालूच होता. मी वाकून त्यात बोलले.

"माझ्या आईचं नाव सुमन आहे. आणि मी हळू खेळणार नाही."

भोंग्याने ते सगळीकडे सांगितलं. पुण्यातल्या आजी-आजोबांनाही.

परागकाकांनी माईक बंद केला. मग हळू आवाजात, फक्त आम्हाला ऐकू येईल असं म्हणाले, "द्यायला गेलं की हे असं. शेवटी रक्तच ते."

मेधाकाकू आईकडे वळल्या. "उद्यापासून येऊ नका." आणि लगेच, "वडे संपेपर्यंत थांबा मात्र."

मी अनवाणी परत गेले. रेफरी म्हणाला, बूट नसतील तर खेळता येणार नाही. नूर बाकावर पाय वर करून बसली होती, घोट्यावर बर्फ. तिने माझ्या पायांकडे बघितलं. बूट काढले, माझ्याकडे फेकले. "टेक लाह. आय नॉट यूजिंग ऑल्सो."

दुसऱ्या हाफमध्ये भोंग्याने माझं नावच टाकलं. नाव आधीही नव्हतंच, आता पोळीवालीची मुलगीही गेली. चेंडू आपोआप अडत होता. आपोआप परत येत होता. मी धावत होते, अडवत होते, पडत होते आणि परागकाका म्हणत होते, "चेंडू पुन्हा बाहेर." जणू तिथे वारा खेळत होता.

आम्ही हरलो. कॉर्नरवरून गोल झाला. सानिकाने केला, चांगला केला. ते मी नाकारत नाही.

आई थांबली होती. वडे संपेपर्यंत.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मला वाटलं रागावली. मग म्हणाली, "त्याने माईक धरला आणि तोंडातून निघालं गं. मी ठरवलं नव्हतं."

"माहितीये."

"नाही, तुला माहीत नाही. सवय आहे ती. हो साहेब, सांगते साहेब. झोपेतसुद्धा निघेल." आणि पुढे म्हणाली, "तू बोललीस ते मला आवडलं नाही."

ती काचेकडे बघतच म्हणाली,

"मी बोलायला पाहिजे होतं."

त्या आठवड्यात तिची सगळी घरं गेली. कुणी भांडलं नाही. एकीने मेसेज केला, आम्ही आता फ्रोझन पोळ्या वापरून बघतोय. दुसरीने तेवढंही केलं नाही, खाली गार्डला सांगून ठेवलं. आई हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मोठ्या शेडमध्ये, ट्रे उचलायला लागली. दुसऱ्यांची उष्टी उचलताना तिचे हात सुजायचे. मी शाळेतून थेट तिथे जाऊन टेबलं पुसायचे, तिथेच अभ्यास करायचे. मिस्टर लिमना मी सगळं इंग्रजीत लिहून दिलं. त्यांनी संयोजकांना विचारलं. संयोजक म्हणाले, रेडिओवाल्यांशी बोललो, ते म्हणतात जोक होता, मुलगी सेन्सिटिव्ह आहे.

मी पॉलिटेक्निकला गेले, मग युनिव्हर्सिटीला. फिजिओथेरपी. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पदवीला पोचलेली मी पहिली. नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली. बाबांच्या पाठीला पहिला व्यवस्थित व्यायाम मी दिला. उशीर झाला होता, पण ते आता स्वतः उठून बसतात.

पदवीदानाचा फोटो कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. परागकाकांचा फोन आला.

"अगं, अभिमान वाटला! आपलीच तू. रेडिओवर ये, आपल्या मुलींना प्रेरणा मिळेल. आमच्यासमोर घडलीस ना."

"त्या मॅचचं रेकॉर्डिंग आहे तुमच्याकडे?"

"कुठल्या मॅचचं?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली.

"अगं ते! गंमत होती बाळा. अजून धरून बसलीस?"

"आधी ते लावा. पूर्ण. मग मी बोलते."

"असं कसं लावता येईल?"

"मग नाही."

मी फोन ठेवला. त्यांना मी माफ केलेलं नाही. मोठ्या मनाने विसरून जा, असं मला सांगणारे बरेच भेटतात. त्यांच्यापैकी कुणाच्या आईच्या तोंडासमोर तो माईक आला नव्हता.

ती स्पर्धा अजून होते. गेल्या वर्षी संयोजकांना मैदानावर बसायला फिजिओ हवी होती. मी हो म्हटलं. सकाळी गेले तर खांबाला भोंगा. टेबलावर नवाच कुणी तरुण, ब्रँडेड टी-शर्टमधला, माईक चाचपतोय. सराव करणाऱ्या मुलींकडे बघून म्हणाला, "ती बघा आपली बुलडोझर!" मराठीतच. चौदा-पंधरा वर्षांची पोर. तिला कळलं नाही. मला कळलं.

मी माझी बॅग उचलली आणि संयोजकांना सांगितलं, भोंगा उतरवा, नाहीतर मी निघाले. त्या स्पर्धेत मैदानावर फिजिओ नसेल तर रेफरी शिट्टी मारत नाही. हे त्यांनाही माहीत होतं.

"मॅडम, इट्स जस्ट फॉर फन लाह."

"नॉट फॉर देम."

पालक घड्याळं बघायला लागले. दोन्ही टीम रांगेत उभ्या. रेफरी माझ्याकडे बघत होता. शेवटी एकाने शिडी आणली.

यंदा स्पर्धेच्या नियमांत तसं लिहूनच आलं आहे. मैदानावर भोंगा लागत नाही. खेळणाऱ्या मुलींच्या घराबद्दल, अंगाबद्दल, रंगाबद्दल माईकवर बोलणाऱ्याला टेबलावरून उठवलं जातं, कुठल्याही भाषेत बोलला तरी. हे मी करून घेतलं.