सावळीरामची झोप

सुमनबाईंच्या जिवाला घोर लागला होता तो नवऱ्याच्या झोपेचा. त्याला झोप येत नाही ही अठरा वर्षांची जुनी गोष्ट झाली. आता सावळीराम झोपत होता. येवल्याच्या पुढं सात मैलांवर आपल्या गावात, भावाच्या पडक्या घरावर नवे पत्रे टाकून, रात्री नऊला अंग टाकायचा आणि कोंबडं आरवलं तरी कूस बदलायचा नाही. इकडं नाशिक रोडच्या दोन खोल्यांत मेथी निवडताना, शाळेत फळ्यावर तारीख लिहिताना बाईंच्या मनात एकच येई : हा माणूस तिथं इतका गाढ झोपतो, ती झोप त्याला कितीला पडते आहे?

सावळीराम गावातून निघाला तेव्हा वीस वर्षांचा होता. बरोबर एक घोंगडी आणि चार भाकरी. नाशिक रोडला रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यानं पोती वाहिली, रात्रशाळेत सातवी केली. सुमनबाईंचे वडील त्याच धक्क्यावर मुकादम. छप्पन्न साली दोन्ही घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि पुढं काही वर्षांनी मुकादमांनी आपली शिकलेली, मास्तरीण झालेली मुलगी या अबोल पोऱ्याला दिली. नातेवाईक म्हणाले, "पोरगी शाळा शिकवते आणि जावई हमाल!" मुकादम म्हणाले, "हमाल आहे, पण ऐकून घेतो. शिकलेले ऐकून घेत नाहीत."

ऐकणं हाच पुढं त्याचा धंदा झाला. एकलहऱ्याला वीज केंद्र सुरू झालं तेव्हा तो मदतनीस म्हणून लागला. तिथं जुने कामगार हातभर लांबीची लोखंडी सळई बाळगत. एक टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. यंत्राच्या पोटात काय चाललंय ते सळईतून कळतं. सावळीरामनं सळई धरली आणि महिन्याभरात तो इतरांच्या आधी सांगू लागला, हिला वंगण हवंय, त्याच्या बेअरिंगची गोळी झिजली. साहेब लोकही म्हणत, सावळीरामला बोलवा, तो काय म्हणतो बघू.

पण कान एकदा असा उघडला की मिटता येत नाही. तीन पाळ्या आलटून पालटून. रात्रपाळी करून सकाळी सायकलवर घरी यायचा, बाई खिडकीला गोधडी टांगून शाळेला जायच्या. दुपारी परत याव्या तर हा अंधाऱ्या खोलीत उताणा, डोळे उघडे. लता तेव्हा लहान होती, उशिरा झालेली एकुलती एक पोर. ती दबक्या पावलांनी चालायची. तरी आतून आवाज यायचा, "लते, तुझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटायला आलाय."

अशा दुपारी बाई त्याच्या उशाशी बसत. गोधडीच्या भोकातून उन्हाची एक काडी आत येई, तिच्यात धूळ तरंगत राही, आणि सावळीराम हळूहळू बोलू लागे. लहानपणी कडब्याच्या गंजीवर झोपायचो, म्हणायचा. कडबा उबदार असतो. खाली उंदीर खुडबुडायचे, वर चांदण्या. पाय आधी झोपायचे, मग पोट, आणि डोकं शेवटी, आपल्याला कळायचंसुद्धा की आता डोकं चाललं. "बाई," सगळ्या शाळेसारखा तोही त्यांना बाईच म्हणायचा, "मला झोपेची आठवण येते. मेलेल्या माणसाची येते ना, तशी."

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत तो निवृत्त झाला. पंधरा दिवसांत पत्रे टाकून येतो म्हणून गावाला गेला आणि तिकडंच राहिला. पहिलं पत्र आलं ते चार ओळींचं. 'पडलो आणि सकाळ झाली. मधलं काही आठवत नाही. इथं माझं डोकं झोपतं. तुम्ही दोघी या.'

बाई ते पत्र हातात धरून किती तरी वेळ उभ्या होत्या. गाव त्यांनी लग्नानंतर दोनदा पाहिलं होतं, तेही पाहुण्यासारखं. जन्म नाशिक रोडचा. नळ, वाचनालय, कोपऱ्यावरचा दवाखाना, आणि मुख्य म्हणजे शेजारीण साखर मागायला येताना जात विचारून येत नव्हती. शिवाय नोकरीची आठ वर्षं बाकी. जायचं तर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज डिसेंबरअखेर द्यावा लागणार. लता अकरावीत, तिला येवल्याच्या कॉलेजात घालता येईल, सावळीरामनं कळवलं होतं, एसटी सकाळी दारावरून जाते. तो दर महिन्याला दोन दिवस यायचा. त्या दोन रात्री पुन्हा तसाच, उताणा, डोळे उघडे. एकदा उठून म्हणाला, "पलीकडच्या बिल्डिंगीतला पंप जाणार बघ," आणि आठवड्यात तो गेला.

दिवाळीच्या सुट्टीत मायलेकी पंधरा दिवस राहायला गेल्या.

त्या पंधरा दिवसांचं बाईंना अजून नीट सांगता येत नाही. ज्वारी डोक्याएवढी झाली होती आणि वारा आला की सगळं शिवार कुणी तरी लुगडं झटकावं तसं वाजायचं. वाफ्यांतून कांद्याचं रोप लावणं चाललं होतं; बाया ओणव्या, एका ओळीत, त्यांची बोलणी पाण्यावरून यावीत तशी यायची, शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर. दुपारी जेवून बाई भिंतीला टेकल्या की डोळे मिटत. जाग येई तेव्हा सकाळ की संध्याकाळ तेच उमगत नसे. शाळेची घंटा, हजेरीपट, मुख्याध्यापिका, सगळं कुणा दुसऱ्या बाईचं वाटे. सावळीराम बाजूला घोरत असे. लग्नाला चोवीस वर्षं झाली, नवरा घोरतो हे त्यांना तेव्हा कळलं. त्या ऐकत बसत.

आणि गाव त्याला विचारत होतं. विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या होत्या, बिघडली की मेकॅनिक येवल्याहून यायचा तो परवाच्या दिवशी. सावळीराम सळई घेऊन जायचा. ज्या घरांनी त्याला लहानपणी 'सावळ्या' म्हणून हाळी घातली त्या घरांची माणसं दारात येऊन म्हणत, "सावळीरामभाऊ, जरा कान लावा की आमच्या मोटारीला."

बाईंनी मनात अर्ज लिहायला घेतला होता. 'घरगुती कारणास्तव' इथवर आल्या होत्या.

जायच्या आदल्या दिवशी गोटीराम आला. गोटीराम सोसायटीचा चेअरमन. त्याच्या मळ्यातली विहीर गावात सगळ्यात मोठी. ज्या विहिरीच्या काठाला सावळीरामला लहानपणी पाय लावायची सोय नव्हती, ती हीच.

"मोटर लय कण्हतीया भाऊ," तो म्हणाला. "मास्तरीणबाईंना बी आणा, पोरीला बी. मळा बघतील."

तिघं गेली. सावळीरामनं सळई टेकवली, डोळे मिटले. गोटीराम त्याच्यासमोर उकिडवा बसला, डॉक्टरपुढं बसावं तसा. मग लतानं हट्ट करून कान लावला.

"बाबा, आत कुणी तरी बोलतंय."

"बोलत नाय, दमलंय," सावळीराम म्हणाला. "गोटीराम, मागची बेअरिंग बदल. चार दिवस काढंल, पाचवा नाय काढायची."

"आता सांगतोस व्हय? माझा कांदा पाण्यावर आलाय!"

"मी कुठं सांगतोय, ती सांगतीया."

सगळे हसले. एवढ्यात वस्तीवरून गोटीरामची बायको, कुसाबाई, चहा घेऊन आली. एका हातात किटली, दुसऱ्या हातात ताट, ताटात चार कप पालथे घातलेले, निळ्या फुलांचे, एकसारखे. तिनं ताट ओट्यावर ठेवलं. आणि सावळीराम उठला. सळई धोतराच्या सोग्याला पुसली, चालत वस्तीच्या वळचणीपाशी गेला, वर न बघता हात घातला आणि तिथून एक कानतुटका कप काढला. पाइपाच्या धारेखाली विसळला. येऊन कुसाबाईपुढं धरला.

सहज. घरी फडताळातून आपला पेला घ्यावा तितकं सहज.

कुसाबाईनं गोटीरामकडं पाहिलं. गोटीराम ज्वारीकडं पाहू लागला. क्षणभर किटली तशीच अधांतरी राहिली, मग तिनं त्या कानतुटक्या कपात चहा ओतला. मग गोटीरामला, बाईंना, लताला फुलांच्या कपांत. चौथा कप ताटात पालथाच राहिला. लतानं चहा संपवला आणि कप ओट्यावर जरा जोरातच ठेवला. बाई चहा प्यायल्या, पण तो गोड होता की कसा ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी एसटीची वाट बघताना त्यांनी विचारलं, "अहो, तो कप तुम्ही का काढलात?"

"कुठला?" सावळीरामला खरोखरच आठवावं लागलं. "अगं, हात गेला."

"वर्षभर जातोय?"

"असंल. चहा येतो, हात जातो. ध्यानात येत नाय."

"तुम्हाला कोसावरचा पंप ऐकू येतो आणि स्वतःचा हात ध्यानात येत नाही?"

सावळीराम पिशवीचे बंद उगाच सोडून बांधू लागला.

"आणि ती माणसं बघतात. एकानं म्हटलं का, भाऊ, राहू द्या, हा घ्या म्हणून? तो कप अजून वळचणीला ठेवलाय तो कुणासाठी?"

"मोटारीपाशी गोटीराम माझं ऐकतो, बाई."

"मोटारीपाशी. आणि उद्या लता इथं राहिली तर तिनं कुठून कप काढायचा?"

सावळीरामनं पिशवीचा बंद सोडून दिला. मग म्हणाला, "मग मी परत येऊ?" अगदी साधं विचारलं त्यानं, राग नाही, रुसवा नाही. बाईंच्या डोळ्यांपुढं गोधडी टांगलेली खिडकी आली आणि उताणा माणूस. एसटी आली.

डिसेंबर उजाडला. शाळेत मुख्याध्यापिका वत्सलाबाई रोज टोकू लागल्या. "सुमनबाई, लोणचंसुद्धा एवढं मुरवत नाहीत हो! अर्ज द्यायचा की नाही? मी म्हणते, जा. मोकळी हवा, ताजं दूध."

"दूध कशातून देतात ते बघून ठरवते," बाई म्हणाल्या.

"म्हणजे? भांड्यातून. आणखी कशातून?"

वत्सलाबाई मनानं चांगल्या होत्या. बाईंनी विषय वाढवला नाही.

पण घरी आल्या की पुन्हा तेच. डोळे मिटले की ज्वारी वाजे, आणि ज्वारीच्या मधोमध एक ओटा, ओट्यावर ताट. स्वप्नात त्या ते ताट घेऊन शिवारभर हिंडत, चौथा कप कुणाला द्यायचा ते विचारत, आणि माणसं ओणवीच राहत, वर बघत नसत. जागेपणी त्यांना वाटे, तो कप सावळीरामसाठीच आणला होता. लगेच वाटे, छे, कुसाबाईनं स्वतःसाठी आणला असेल. ती काय चहा पीत नाही? पुन्हा वाटे, आणला असेलही त्याच्यासाठी, पण मास्तरीणबाई आल्या म्हणून, एका दिवसापुरता. इतर वेळी ताटात किती कप असतात?

एका रविवारी केस विंचरून घेता घेता लता म्हणाली, "तो बाबांचाच होता."

"काय?"

"चौथा कप. आई, तू आत्ता तेच मनात घोळवत होतीस. फणी थांबली तुझी."

"कुसाबाईंचा असेल. आपल्याला काय माहीत."

"मग त्यांना विचार ना."

"तुझ्या बाबांना विचारलं मी. त्यांच्या ध्यानातच..."

"बाबांना नाही गं. कुसाबाईंना." लतानं मान वळवली, केस बाईंच्या हातात ताणले गेले. "बाबा सांगत नाहीत, गोटीरामकाका ज्वारी बघतात, तू इथं बसून भांग पाडतेस. जिनं कप आणले तिला कुणी विचारलंय का?"

बाईंनी वेणी घातली. रिबीन बांधली. मग म्हणाल्या, "त्या काय सांगणार? नवऱ्यापुढं?"

"त्यांनी किटली थांबवली होती, आई. तू पाहिलंस ना?"

पाहिलं होतं. किटली थांबलेली आणि कुसाबाईचा चेहरा. तो चेहरा लाजेचा होता की अडचणीचा, हे बाईंना इतके दिवस ठरवता आलं नव्हतं. पण त्यांना एक उमगलं. सावळीरामला राहा म्हणायचं की ये म्हणायचं, अर्ज द्यायचा की नाही, हे त्यांनी घरात बसून कितीही घोळवलं तरी ठरणार नव्हतं. कुसाबाईनं चौथा कप कुणासाठी आणला होता, आणि ती तो यापुढं रोज आणणार होती का, एवढंच विचारायचं होतं. विचारायची भीती वाटत होती, कारण उत्तर आलं असतं.

गावात फोन एकच, गोटीरामच्या ओसरीवर. स्टेशनाजवळच्या टेलिफोन ऑफिसातून ट्रंक कॉल लावायचा, नाव सांगून. आजवर त्यांनी चारदा लावला होता, दर वेळी सावळीरामच्या नावानं, आणि दर वेळी गोटीरामनं फोन उचलून म्हटलं होतं, "थांबा मास्तरीणबाई, बोलावतो भाऊंना." या वेळीही तो तेच म्हणणार. तेव्हा त्याला सांगायचं, त्यांना नको, तुमच्या मंडळींना द्या. तो विचारेल, काय काम? त्यावर काय म्हणायचं ते बाईंना सुचलं नाही. सुचायची वाट बघत बसलं तर डिसेंबर संपणार होता.

त्यांनी फणी कोनाड्यात ठेवली, पायात चपला घातल्या आणि लताला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. कुसाबाईंच्या नावानं कॉल लावायचाय."