पौर्णिमेची भरती

दाजींच्या पोस्टकार्डात चारच ओळी होत्या. "अक्का मजेत आहे. पौर्णिमेला इकडे मोठी भरती आहे. आप्पांना घेऊन आदल्या दिवशीच पोचा. एकदा भरती सुरू झाली की कोणाला गावात येता येत नाही."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कोकणात समुद्राकाठी एक राष्ट्रीय उद्यान आहे, तिथल्या वनखात्याच्या कचेरीत ते कारकून होते आणि उद्यानाला लागून असलेल्या खेड्यात राहत होते. मी मराठवाड्यात, ताडकळसला घरी बसून होतो. बी.ए. होऊन तीन वर्षं झाली होती आणि सरकारी नोकरीची वयाची मुदत संपायला चार महिने उरले होते. शाळेत भरती-ओहोटीवर मीही उत्तरं लिहिली होती, मार्कही मिळवले होते. पण पोलीस भरती, एसटी भरती असल्या भरत्यांमागे पळून पळून त्या शब्दाला माझ्या लेखी दुसरा अर्थच उरला नव्हता. वनखात्याचा माणूस भरती म्हणतोय म्हणजे वनरक्षकाचीच, यात शंका कसली?

मी रोज सकाळी सडकेनं पळायला लागलो. शिंप्यानं माझी छाती आधी नुसती मोजली, मग फुगवून मोजली. आकडा तोच आला. बाजाराच्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे वडील, दिसेल त्याला सांगत होते, "पोरगं भरतीला चाललंय." आप्पांचा लौकिक असा, की माणूस खोटं बोलत नाही. त्यामुळे निम्म्या गावानं मला आधीच वनरक्षक करून टाकलं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस, गाड्या कधी बंद पडतील याचा नेम नव्हता. आम्ही लवकरच निघालो. पिंगळीला रेल्वे धरली, पुढे चार एसट्या बदलल्या आणि शेवटी एक खाडी चालत ओलांडून अंगभर चिखल घेऊन अक्काच्या दारात उभे राहिलो. आम्ही लिंगायत. मासळीच्या वासानं आप्पांनी उपरणं जे नाकाला लावलं ते जेवतानाच काढलं.

"उद्या साडेअकराला भरती," दाजी म्हणाले. "अकरालाच जाऊन थांबा, चांगली जागा मिळेल. मला पहाटेच होडीनं ड्यूटीवर जायचंय."

मला आणखी विचारायचं होतं, पण आप्पांनी डोळे वटारले. नंतर हळूच म्हणाले, "जावायाला किती इचारायचं? जागा मिळंल म्हणलेत न्हवं? गप ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, बूट आणि काखेत सर्टिफिकिटांची फाइल अशा थाटात मी किनाऱ्यावर गेलो. मागून आप्पा. तिथं ना टेबल, ना साहेब. एक म्हातारे कोळी जाळं विणत बसले होते.

"काका, जागा किती?" मी विचारलं.

"जागा?" त्यांनी हात फिरवला. "ही सगळी जातली. त्या माडापर्यंत."

म्हणजे सगळ्या जागा आधीच गेल्या, हे मी ओळखलं. तरी धीर करून विचारलं, "मग पुढची भरती कधी?"

"राती. दिसाक दोनदा येता."

आमच्याकडे दोन वर्षांत एकदा निघत नव्हती. आप्पा पुढे झाले आणि आवाज खाली करून म्हणाले, "कुणाची वळख लागती का?"

"वळख कित्याक? आपसूक येता," म्हातारे म्हणाले आणि समुद्राकडे बोट केलं. "ती बघा, इलीच."

पाणी माझ्या बुटांवरून गेलं तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी तिथंच एका खडकावर बसलो. आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि ते थांबेना. पाणी चढत होतं आणि मला उठावंसंच वाटत नव्हतं. कोणत्या तोंडानं घरी जायचं? आप्पांनी आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गंगाखेडची गंगा, म्हणजे गोदावरी, तीही काठावरून. त्यांना पोहता येत नाही. पण धोतर खोचून ते पाण्यात शिरले. एका हातात माझी फाइल डोक्यावर धरली, दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं आणि मला फरफटत माडापर्यंत आणलं.

आम्ही परतलो तो नेमका बाजाराचा दिवस. एसटीतून उतरताच माणसं जमली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आप्पा, भरतीचं काय झालं?"

"झाली की. लय मोठी झाली. म्या सोत्ता पाह्यली."

"अन् पोराला घेतलं का न्हाई?"

"घेत हुती. म्याच हाताला धरून माघारी आणलं."

लोक त्यांच्याकडे बघत राहिले. लागलेली नोकरी या म्हाताऱ्यानं मायेपोटी घालवली, पोराचं वाटोळं केलं, असं गावात कायमचं ठरून गेलं. पुढं आप्पांना कुणीही तोंडावर तसं म्हणे, आणि मी समोर असलो तर ते मला नजरेनंच गप्प बसवत. मरेपर्यंत त्यांनी तो बोल ऐकून घेतला.