शेख बाई माफी मागायला निघाल्या

शेख बाईंना "माझी साडी कशी दिसते?" असं शाळेत कुणी विचारत नसे, कारण त्या सांगत. जळगावच्या आमच्या शाळेत त्या मराठी शिकवायच्या, मी गणित. मी नवीन लागले तेव्हा दारात उभं राहून त्यांनी माझा तास ऐकला आणि म्हणाल्या, "कुमुद, तुला गणित येतं. शिकवता येत नाही. येईल." त्या दिवशी मला रडू आलं, पण पुढे शिकवायला शिकवलं ते त्यांनीच. "गोड बोलणारे पुष्कळ आहेत गं," त्या म्हणत, "एकीने तरी खरं बोलावं."

निवृत्तीनंतर आम्ही दोघी जळगावातच मेहरूणला शेजारी राहायला आलो. बाईंचे यजमान वारले होते, मूलबाळ नव्हतं. हजसाठी त्यांचा नंबर लागला आणि इथल्याच काही बायकांबरोबर जायचं ठरलं. मला वाटलं, तयारी म्हणजे बॅगा भरणं. बाई हसल्या. "एहराम म्हणजे नुसते कपडे नाहीत. ती अवस्था आहे. एकदा नियत केली, मनात संकल्प केला की अत्तर लावायचं नाही, नखं कापायची नाहीत, केस विंचरतानाही जपायचं, कुणाशी भांडायचं नाही. आणि त्यात शिरण्याआधी माणसांची माफी मागून घ्यायची. अल्लाहचं अल्लाह बघेल. माणसाचं माणसानेच माफ करावं लागतं."

मग त्या घरोघरी निघाल्या. जुने विद्यार्थी, सहकारी, गल्लीतले सगळे. कोपऱ्यावरची भाजीवाली अक्का धुळ्याकडची. ती चकित झाली, "माफी कसानी मांगस व बाई?"

"तुझ्या मेथीला दरवेळी जून म्हटलं, त्याची."

"जूनच व्हती ती!" अक्का म्हणाली, आणि त्या दोघी खूप हसल्या.

चाळीसगावला मात्र त्यांना एकटीने जाववेना. "तू ये माझ्याबरोबर," म्हणाल्या. गाडीत त्यांनी मला प्रथमच सगळं सांगितलं. धाकटी बहीण नसीम तिथे राहते. काही वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं, शबानाचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे चौकशीला बाईंकडे आले. मुलीची तब्येत कशी, असं त्यांनी विचारलं. शबानाला लहानपणापासून फिट येत असे. बाईंनी ते सांगितलं. लग्न मोडलं, गोष्ट सगळ्या नात्यात पसरली, पुन्हा स्थळ आलं नाही. नसीम तेव्हापासून बोलत नव्हती.

"तुम्ही खोटं तर नाही बोललात," मी म्हणाले.

"नाही. पण 'तिच्या आईला विचारा' एवढं म्हणून गप्प बसता आलं असतं." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "ते मला तेव्हा सुचलंच नाही."

नसीमने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलल्या. "नसीम, हजला चालले. कहा-सुना माफ कर."

"मुझसे नहीं होगा, आपा," नसीम म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुम जाओ." दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

निघायच्या सकाळी शबाना आली. अम्मीने पाठवलेलं नाही, मी माझी आलेय, हे तिने आल्याआल्याच सांगितलं. तिने बाईंची नखं कापली. डोक्याला तेल लावून पाणी तापवलं. अंघोळ झाल्यावर केस विंचरून घट्ट बांधले. बाईंनी तिचा हात धरला. "बेटा, तू तरी मला माफ कर."

"केलं, खाला." ती थांबली. "पण त्या लोकांना सांगण्याआधी मला एकदा विचारावं, असं नाही वाटलं तुम्हाला?"

बाईंनी मान हलवली, नाही म्हणून, आणि ओंजळीत तोंड लपवलं. शबानाने त्यांना जवळ घेतलं. एवढंच. मग गाडी आली, सगळ्यांनी सलाम केला, आणि बाई गेल्या.

मक्केत पोहोचल्या त्याच दिवशी त्यांचं हृदय बंद पडलं. सोबतच्या बाईचा फोन आला. एहरामातच होत्या, तिथेच दफन केलं, म्हणाली. काबा त्यांना पाहायलाही मिळाला नव्हता.

फोनवर कसं सांगणार, म्हणून मी चाळीसगावला गेले. या वेळी नसीमने मला आत बसवलं. मी सांगितलं. शबाना भिंतीला टेकून हुंदके देत होती. मग नसीमने विचारलं, "एहरामात होती?"

"हो."

"मग कयामतच्या दिवशी ती 'लब्बैक', 'मी हजर आहे', म्हणतच उठेल." तिने पदर डोक्यावर नीट ओढला. "हजहून आलेल्याला सगळे भेटायला जातात ना, तेव्हा मी जाणार होते. मनात ठरवलं होतं. तेव्हाच बोलणार होते तिच्याशी." ती माझ्याकडे वळली. "ताई, आता माफ केलं तर तिच्यापर्यंत पोहोचतं का हो?"

मी सावद्याच्या शेतकरी घरातली बाई. मला त्यातलं काय कळणार? मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पोहोचतं."