पिराजीची डावी पापणी

पिराजी कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचा पंच. सत्त्याण्णवच्या सुमारास, पन्नाशी जवळ आल्यावर, त्याची डावी पापणी हळूहळू उतरायला लागली. निम्मं बुबुळ झाकायची. नीट दिसावं म्हणून तो कपाळाला आठ्या घालून, हनुवटी वर करून बघायचा. लोकांना वाटायचं, गडी लई ताठ झालाय.

"अवो, डॉक्टरला दावा," बायको बाळाबाई म्हणायची.

"डोळा जरा दमलाय, दुसरं काय न्हाय."

"एकटा डावाच दमतोय व्हय? उजवा काय रजेवर हाय?"

पुढं एका उपांत्य सामन्यात डावीकडनं उंच चेंडू आला. पापणीआड तो पिराजीला दिसलाच नाही. थेट टाळक्यावर आदळला आणि गोलरक्षकाला चकवून जाळ्यात गेला. तेव्हा पंचाला लागलेला चेंडू खेळातच धरत. पिराजी नियमाला पक्का. डोकं चोळत त्यानं शिट्टी वाजवली आणि गोल दिला.

"पंचानं हेडर मारला!" सगळं मैदान हसलं. पिराजी तेवढा हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो गुमान डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. बाळाबाई सोबत होतीच.

"संध्याकाळी पापणी जास्त उतरते? एकाच्या दोन वस्तू दिसतात? गिळायला त्रास?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाय. दिवसभर हाय तशीच."

बाईंनी दोन्ही डोळे तपासले. "पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड वयानं सैल झालीय. थेंबांनी ती घट्ट होणार नाही. चष्म्याला आतून तारेचा टेकू देता येतो, नाहीतर छोटं ऑपरेशन."

"टेकू? गोठ्याच्या छपराला देत्यात तसा? नगं. आपरेशनच करा."

"पण डावी उचलली की कधीकधी उजवी थोडी खाली येते. दोन्ही पापण्यांना मेंदूचा हुकूम एकच असतो. सध्या डावीसाठी जास्त जोर लागतोय, तो कमी होईल."

"म्हंजी कुनी तरी एक झोपणारच," बाळाबाई म्हणाली.

ऑपरेशनला भूल पापणीपुरतीच दिली. मधेच त्याला उठवून बसवलं, दोन्ही पापण्या सारख्या आहेत का बघितलं आणि मगच टाका पक्का केला. पुढं काही दिवस डोळा सुजून काळानिळा होता. झोपेतही तो थोडा उघडाच राही, म्हणून बाळाबाई रात्री मलम घाली. "झोपंतबी माझ्यावर पाळत!" असं शेजारणींना सांगत सुटली.

उजवी पापणी खरंच केसभर उतरली. पिराजी रोज आरशापुढं उभा राहून मोजदाद करी. बाईंनी नुसतं थांबायला सांगितलं, आणि खरंच, पुढं त्याचं त्यालाच ते जाणवेनासं झालं. हनुवटी वर करून करून जडलेलं मानेचं दुखणंही गेलं.

आता वरचं सगळं दिसायला लागल्यावर त्यानं पहिल्यांदा काय बघितलं? आढ्याची जळमटं. बायकोला मोठ्या तोऱ्यात दाखवली. बाळाबाईनं केरसुणी त्याच्याच हातात दिली. दिवाळीनंतर पिराजी पुन्हा मैदानात उतरला, आणि आढ्याचं काम मात्र कायमचं त्याच्या गळ्यात पडलं.