बाह्या लावलेली फी

सुधामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीजवळ मानेसरला आमच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी ट्रकमध्ये चढवून घेत होते. गेटपासवर सही केली, ट्रक लावून दिला, मग गाडीत बसले. तेव्हापासून स्वस्थ बसवत नाही. कपाटं आवरून झाली, बिलं लावून झाली... तरी काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं.

मावशी, माझ्या आईची धाकटी बहीण, दिल्लीत वकिली करायची. राहायला तिच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर. बाजारात ओढणीच्या पाच रुपयांसाठी दुकानदाराशी वाद घालणारी ही बाई स्वतःच्या फीबाबत मात्र विचित्र होती. थकलेल्या पैशांसाठी समरी दावा लावतात, ज्यात समोरच्याला बचाव करायलाही आधी कोर्टाची परवानगी लागते, त्याच्या निकालात वकिलाची फी खर्चात धरतात आणि ती हरणाऱ्याने द्यायची असते. "तू मला लाख दे नाहीतर चहा पाज, कोर्ट दाव्याची रक्कम बघणार आणि तक्त्यावरून आकडा काढणार. लढत झाली नाही तर तोही कमी," असं तिनं मला समजावलं होतं. इतर वकील पक्षकाराकडून आपली फी वेगळी घेत. ही कोर्ट लिहील तेवढीच घ्यायची... कोणाकडूनही.

नव्या कारखान्यांचे ते दिवस. नवऱ्यानं नोकरी सोडून खोक्यांचा धंदा काढला आणि पहिल्याच मोठ्या गिऱ्हाइकाचा चेक परत आला. पगार थकले. दिवाळीपर्यंत पैसे आले नसते तर शेड सोडावी लागणार होती. मावशीनं दावा लावला. तारखेला समोरचे वकील व्हरांड्यात आले आणि म्हणाले, मुद्दल आजच ड्राफ्टनं घ्या, खर्च सोडा. खर्च सोडायचा म्हणजे मावशीची फी सोडायची. मी अडखळले.

"घे," मावशी म्हणाली.

"आणि तुझी फी?"

"कोर्टानं लिहिली तर घेते. आता लिहिणार नाही."

"हे कसलं गणित, मावशी?"

"माझं आहे. तू ड्राफ्टवरचं नाव तपास."

समोरचे वकील हसत म्हणाले, "मैडम, आपकी फीस तो हम खा गए." त्यावर तिनं त्यांच्याकडूनच चहा वसूल केला, वर खायला खुसखुशीत मठरीही मागवली.

पगार झाले, शेड राहिली. मला मात्र चैन पडेना. पाकीट दिलं, ते परत आलं. शेवटी तिच्या मापाचा नवा काळा कोट शिवून नेला. तिनं कापड चिमटीत धरून पाहिलं. "वैजू, ही फीच आहे. तू नुसत्या बाह्या लावल्यास." कोट दारामागच्या खुंटीवर टांगला आणि जुनाच, कोपरांना विटलेला घालून ती कोर्टात गेली. पुढे ती दोघं नोएडाच्या फ्लॅटमध्ये गेली, तिथंही तो तसाच टांगलेला. गेले की मी आधी दारामागे बघायचे. कधी बटण नवं दिसायचं, कधी अस्तर शिवलेलं... गुपचूप घालते, असं वाटायचं. विचारलं तर म्हणायची, "छे गं."

गेल्या आठवड्यात काकांकडे आवराआवरीला गेले, तर खुंटी रिकामी.

"कोट कुठंय, काका?"

"तिच्याकडची नवी वकील मुलगी घेऊन गेली," काका म्हणाले. "सुरुवातीला धड कोट नसतो पोरींकडे. इतकी वर्षं नेतायत, आणून ठेवतायत. शुक्रवारी येईल परत."

खुंटी जरा हलत होती. मी काकांकडून पेचकस घेतला आणि तिचे स्क्रू घट्ट केले.