व्याह्यांपुढून सायकल

देविदास पाटकरी सकाळी कालव्याचं दार उघडून सायकलवर निघाला, की टोकाच्या शेतात त्याच्या आधी पाणी पोचायचं. मुदखेड तालुक्यात हे कुणीही सांगेल, आणि त्यात पाण्याच्या वेगाचं कौतुक अजिबात नाही.

पाटकऱ्याचं काम म्हणजे कालव्याची दारं उघडायची, मिटायची आणि ज्याची पाळी त्यालाच पाणी जातंय का, ते बघत बांधाबांधानं फिरायचं. देविदास तीस वर्षं हेच करतोय. पण त्याला एक खोड आहे. समोर वडीलधारं माणूस दिसलं की तो सायकलवरून उतरतो. "मोठ्या माणसापुढून बूड टेकवून जायचं न्हाई," असं बापानं पहिल्यांदा सायकल हातात देताना बजावलं होतं. बाप गेला, खोड राहिली. आता गावातली तरणी पोरं गेली पुण्याला, रानात उरलेत ते सगळे साठीच्या पुढचे. म्हणजे कालवा संपेपर्यंत देविदासनं उतरतच राहायचं. नुसतं उतरायचं असतं तरी चाललं असतं. रामराम पळता पळता होतो. 'काय म्हणता, तब्येत बरी हाय का' हे काही पळता पळता होत नाही.

उतरण्याची त्याची तऱ्हा मात्र बघण्यासारखी. सायकल पळतीच असते, उजवा पाय मागून फिरून येतो, आणि हा गडी जमिनीवर कधी आला ते सायकललाही कळत नाही. पाण्याची चारी आडवी आली तर सायकल खांद्यावर, पलीकडे टांग, की निघाला. नांदेडला सायकलींचं दुकान चालवणाऱ्या रविकांतनं हे एकदा कालव्यावर पाहिलं आणि मोटारसायकल थांबवली.

"काका, शहरातली पोरं हे शिकायला सहा महिने घेतात," तो म्हणाला.

"म्हाताऱ्या माणसांत राहा म्हणावं, आठ दिवसात येतंय," देविदास म्हणाला.

हा रविकांत गेली तीन वर्षं थंडीच्या दिवसांत नांदेड आणि लातूरकडच्या रानांत सायकलच्या शर्यती भरवतो. काढणी झालेलं रान, चिखल, ओढा, बांध आणि मध्येच आडव्या टाकलेल्या फळ्या. जिथं सायकल चालत नाही तिथं ती खांद्यावर घेऊन पळायचं. बाहेरच्या मुलखात याला सायक्लोक्रॉस म्हणतात. आपल्याकडे 'रानसायकल' म्हणतात, आणि काही जण 'रिकामे उद्योग' म्हणतात. रविकांतनं देविदासच्या काळ्या सायकलचं कॅरिअर आणि मडगार्ड काढलं, हँडलला नंबर बांधला, आणि पंचावन्नाव्या वर्षी देविदास शर्यतीत उतरला.

उतरला म्हणजे अक्षरशः उतरतच राहिला.

शर्यतीचा नियम साधा. एकूण पाच फेऱ्या. सगळ्यांत पुढच्या गड्यानं एक फेरी जास्त मारून मागून तुम्हाला गाठलं, की शिट्टी वाजते आणि तुम्ही बाहेर. मग निकालाच्या यादीत तुमच्या नावापुढं नंबर येत नाही, नुसती आडवी रेघ येते. हंगामातल्या पहिल्या दोन शर्यतींत देविदासला रेघ आली. तिसरी शर्यत घरची, मुदखेडची. प्रेक्षक सगळे ओळखीचे, म्हणजे सगळे उतरण्यासारखे. त्यात चौथीला शिकवलेले गुरुपादप्पा मास्तर, वय नव्वदीच्या घरात, काठी टेकत ओढ्याच्या तोंडाशीच येऊन उभे. देविदास प्रत्येक फेरीला उतरला. दुसऱ्या फेरीला तर पायाच पडला.

"सध्या काय करतोस?" मास्तरांनी विचारलं.

"शर्यत करायलोय, गुरुजी."

"बरं बरं. लेकरं किती?"

एक लेक, सत्यशीला, किल्लारीला दिलीय, जावई सोसायटीत हाय, एवढं सांगून होईपर्यंत शिट्टी वाजली. तिसरी रेघ.

बायको रुक्मिणबाई त्या दिवशी बांधावर होती. तिनं घरी आल्यावर पाणी दिलं आणि म्हणाली, "तुम्ही पैले यावं आसं कुणी म्हणंना. पर रेघ म्हंजे माणूस आलंबी आन् न्हाईबी. एकडाव तरी नंबर लागू द्या."

देविदासला ते लागलं. त्याला पहिलं यायचंच नव्हतं. पहिला येणारा ठरलेलाच होता, लातूरचा मन्मथ, भरतीसाठी रोज पहाटे पळणारा काटक गडी. पण तीस वर्षं बांध तुडवलेल्या माणसाला बांधावरच्या शर्यतीत रेघ यावी, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. आता एकच शर्यत उरली होती, हंगामातली शेवटची.

आणि ती होती किल्लारीला. लेकीच्या सासरी.

तिथं सत्यशीलाचे सासरे हणमंतराव होते. फेटा, मिशा, आणि असा दरारा की त्यांच्यासमोर घरातलं मांजरसुद्धा बेतानं म्याव करायचं. शर्यत त्यांच्याच रानात ठरली होती. आता गावातल्या म्हाताऱ्याला पळत्या रामरामावर वाटेला लावता येतं, पण व्याह्यांना? व्याह्यांपुढं थांबावं लागतं. सायकल बाजूला लावून, दोन्ही हात जोडून, घरादाराची, गुरावासरांची चौकशी करावी लागते. पोरीच्या बापानं सायकलवर बसून व्याह्यांपुढून निघून जायचं, म्हणजे पोरीनं जन्मभर टोमणे ऐकायचे.

"त्यान्ला फोन करून सांगा, शर्यतीला येऊ नका म्हणून," रुक्मिणबाई म्हणाली.

देविदासनं फोन लावला. तुरीचा उतारा झाला, उसाची तोड झाली, थंडी झाली, वीस मिनिटं झाली. 'येऊ नका' हा शब्द तोंडाशी आला तेव्हा तो म्हणाला, "मंग व्याही, तुम्ही तर नक्की या. भावकीलाबी आणा."

रुक्मिणबाईनं कपाळावर हात मारला. म्हशीला एकटी टाकून तिला काही जाता येणार नव्हतं, म्हणून निघताना तिनं त्याला पुन्हा पुन्हा बजावलं. देविदासनं पुन्हा पुन्हा मान हलवली.

रविवारी रविकांतच्या टेम्पोत सायकल टाकून तो किल्लारीला पोचला. व्याह्यांसमोर उघड्या गुडघ्यांनी फिरणं शक्यच नव्हतं, म्हणून सगळे चड्ड्यांवर आणि हा विजारीवर, घोट्यापाशी सुतळी बांधून. हणमंतराव दहा-बारा फेटे घेऊन आधीच हजर. ते बसणार कुठं, यावर सगळा खेळ होता.

तेवढ्यात सत्यशीला डोक्यावरचा पदर सावरत, प्लास्टिकची खुर्ची उचलून चालू लागली. तिनं ती नेमकी फळ्यांपाशी ठेवली. गुडघ्याएवढ्या उंचीच्या त्या दोन फळ्या सायकलवर बसून ओलांडायची कुणाचीच टाप नव्हती. तिथं प्रत्येकाला उतरावंच लागणार होतं.

"मामा, हितं सावली हाय," ती सासऱ्यांना खालच्या आवाजात म्हणाली.

चोवीस गडी सुटले. पहिला मन्मथ फळ्यांपाशी आला, सायकलवरून उतरला, वाकून सायकल उचलली. हणमंतरावांना वाटलं, पोरगं आपल्याला बघून उतरलं. त्यांनी हात जोडले. पोरगं गोंधळलं आणि पळता पळता त्यानंही मान लववली. मग दुसरा उतरला, तिसरा उतरला. हणमंतराव खुर्चीतून उठून एकेकाचा रामराम घेऊ लागले.

"बघा," ते भावकीला म्हणाले, "लोक उगं म्हणतेत शहरातल्या पोरांना वळण न्हाई."

कडेला उभ्या सत्यशीलानं पदराआड तोंड लपवलं. तिचे खांदे हलताना देविदासला दिसले. त्यानंही सायकल खांद्यावर घेऊन मोठा रामराम घातला. व्याही काही विचारणार तोच मागून पुढचा गडी उतरला आणि त्यांना तिकडं वळावं लागलं. अशा तीन फेऱ्या झाल्या. मागचे पाच जण शिट्टी वाजून बाहेर गेले होते. उरलेल्यांत देविदास शेवटूनच पहिला होता, पण त्याच्यासाठी शिट्टी वाजली नव्हती. असं या हंगामात पहिल्यांदाच घडत होतं, आणि चिखलात मांड्या भरून आल्या तरी त्याला गुणगुणावंसं वाटत होतं.

चौथ्या फेरीला फळ्यांपाशी खुर्ची रिकामी दिसली. हणमंतरावांनी पाऊणशे रामराम घेतले होते. आता सगळ्यांचं झालं, चला व्याह्यांना भेटू, म्हणून ते उठले होते. देविदासनं ओढा ओलांडला, वळण घेतलं. समोर शंभर पावलांवर फेरी संपल्याची चुन्याची रेघ. पाठीमागं ओढ्यात सायकल खळखळली. तो मन्मथ होता, आपली पाचवी फेरी संपवत आलेला. त्याच्या आधी ती चुन्याची रेघ ओलांडली की झालं. मग शेवटची फेरी कितीही वेळात मारा, यादीत नंबर लागणार.

आणि रेघेच्या अलीकडे, वाटेला लागून हणमंतराव उभे. मागं ओळीनं भावकी.

देविदासचा उजवा पाय पायडलवरून सुटला. त्यानं सोडला नाही, तो आपला आपणच सुटला.

"बाबा, उतरू नका!"

हा आवाज कुणाचा, ते देविदासला आधी कळलंच नाही. लग्नानंतरच्या दोन वर्षांत त्या घरात जिनं मान वर केली नव्हती, ती त्याची लेक सासऱ्याच्या शेजारी उभी राहून, पदर खांद्यावर पडलेला, बेंबीच्या देठापासून ओरडली होती. सगळी भावकी तिच्याकडं बघत होती. हणमंतरावही बघत होते. देविदासचा पाय हवेतच राहिला आणि सायकल झोकांड्या खाऊ लागली.

हणमंतरावांनी सुनेकडं पाहिलं. हवेतल्या त्या पायाकडं पाहिलं. मागून येणाऱ्या मन्मथकडं पाहिलं. मग उसाच्या फडाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशा आवाजात ते म्हणाले, "व्याही, लेक काय म्हणायलीय ऐकू येईना का? बसून राहा. मी बघतच न्हाई."

आणि त्यांनी वाटेकडं पाठ फिरवली. त्यांचं बघून शेजारच्या चुलत भावानं फिरवली, मग त्याच्या पलीकडच्यानं. बघता बघता दहा-बारा फेटे उसाकडं तोंड करून उभे राहिले. आता देविदासपुढं एकही वडीलधारं तोंड उरलं नव्हतं. त्यानं पाय पायडलवर टेकवला आणि आयुष्यात पहिल्यांदा व्याह्यांच्या जवळून, बूड टेकवून, सायकल हाणत तो निघून गेला. रेघ त्यानं ओलांडली तेव्हा मन्मथ सायकलच्या दोन लांबीवर होता.

शेवटची फेरी त्यानं एकट्यानं मारली. ती पाहायला फेट्यांपैकी कुणी वळलं नाही, हणमंतराव पाठमोरेच विचारत होते, "आले का? आले का?" वाटेकडं तोंड करून एकटी सत्यशीला उभी होती, आणि तिनं पदर अजून डोक्यावर घेतला नव्हता.

दिवेलागणीला देविदास घरी आला तेव्हा रुक्मिणबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"कितवे आलाव?"

"एकोणिसावा. शेवटचा. पाच जणांला रेघ आली, मला न्हाई."

"मंग व्याह्यांपुढं उतरला न्हाईत?"

"सत्यशीला वरडली, उतरू नका म्हणून."

रुक्मिणबाईचे हात थांबले. दोन वर्षं लेकीचा फोन आला की तिला एकच गोष्ट खायची. पोरगी इतकं हळू बोलायची की रुक्मिणबाई दर वेळी विचारायची, जवळ कुणी हाय का गं? आणि दर वेळी 'न्हाई' हे उत्तरही तेवढंच हळू यायचं.

"कुणापुढं वरडली?"

"सासऱ्यापुढं. समद्या भावकीपुढं."

"आन् ते काय म्हणले?"

"म्हणले, लेक काय म्हणायलीय ते ऐका."

तव्यावरची भाकर करपू लागली, पण रुक्मिणबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. पिठाच्या हातानंच तिनं डोळे पुसले.

"कशी वरडली?" ती म्हणाली. "तसंच वरडून सांगा बरं."

देविदासनं अंगणात जाऊन घसा खाकरला.