खिशातला फ्यूज

आमच्या घरात साधा बल्ब बदलायचा असला तरी बाबा आधी मेन बोर्डावरचा चिनीमातीचा फ्यूज उपसून काढायचे आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचे. बटन बंद केलंय असं कोणी सांगितलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. बटन खोटं बोलते, असं त्यांचं म्हणणं. वीज खात्यात इंजिनीअर होते. सारी नोकरी सबस्टेशनांत गेली आणि तिथला एक नियम त्यांनी घरी आणून बसवला होता. ज्यानं लाइन बंद केली, त्यानंच ती चालू करायची. मधे दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग मे महिन्यात कूलर बंद पडून पाहुणे घामाघूम का होईनात.

फ्यूज परत लावण्याआधी ते घरभर हाक घालत, "सगळे खाली उतरले का?" आम्ही कोणी खांबावर चढलेलो नसायचो. आई भाजी निवडत असे, मी अभ्यासाचं सोंग घेऊन बसलेली असे. पण दोघींनी "हो" म्हटल्याशिवाय पंखा फिरत नसे. मला त्याचा भारी वैताग यायचा. मी मुद्दाम उत्तर द्यायचे नाही, आणि बाबा रागावतही नसत. फ्यूज हातात धरून बोर्डापाशी तसेच थांबून राहायचे. लाइनवर गेलेला माणूस संध्याकाळी आपल्या घरी जेवला पाहिजे, हेच त्यांना नोकरीतलं खरं काम वाटायचं. घरातल्या माणसांनाही त्यांनी त्यातच धरलं होतं.

पुढे सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत घरोघरी फ्यूजच्या जागी एमसीबीचे खटके आले. बाबांनी ते लावू दिले नाहीत. तो खटका कोणीही वर करते, खिशातला फ्यूज कोणी काढू शकत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मला त्यांनी आणखी एक गोष्ट लहानपणीच पढवून ठेवली होती. कोणाला करंट लागला तर माणसाकडे धावायचं नाही, फ्यूजकडे धावायचं. इतक्या वेळा ऐकवली होती की मला तिचा कंटाळा आला होता.

रिटायर झाल्यावर काही वर्षांनी ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांचं नाव. एकदा तलावावर फिरायला गेले आणि कोणीतरी घरी आणून सोडलं. आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो, तेही बोलत नव्हते. इतक्या नेमक्या माणसाला हे कसं सांगायचं, हे आम्हाला कळतच नव्हतं.

असाच एक मे महिना. मी सासरहून, महाल वस्तीतून, तोंडाला दुपट्टा बांधून भर दुपारी माहेरी आले. आई स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत होती. मला पाहून तिनं आवाज खाली केला आणि आठवड्यापूर्वीची गोष्ट सांगायला लागली. बाबांनी दारावरची बेल दुरुस्त करायला फ्यूज काढला, खिशात टाकला आणि तसेच भाजी आणायला निघून गेले. परत आले तर घरात लाइट नाही, म्हणून वीजवाल्यांनाच नावं ठेवायला लागले. फ्यूज त्यांच्या खिशातून डोकावत होता. आईला ते सांगवेना. बाबा अंघोळीला गेल्यावर तिनं शेजारच्याला बोलावलं आणि दुसरा फ्यूज आणवून लावून घेतला. बाबांना वाटलं, लाइट आली.

मग जुन्याचं काय केलंस, असं मी विचारलं.

"खिशातच राहू देला. काढला असता त त्याईले समजलं असतं." रोज सकाळी ती धुवायच्या शर्टातून पेन, चष्मा आणि तो फ्यूज काढून नव्या शर्टात ठेवत होती.

मला हसू आलं, आणि ते हसू तोंडातच राहिलं. मी विचारलं, बाबा कुठे आहेत?

"मांगं. कूलरचा पंप फिरून नाही राहिला, तो पाहून राहिले."

"फ्यूज काढला?"

आईच्या हातातला चमचा थांबला. "खिशाले हात लावला, अन् म्हणाले काढलाच हाय."

आमच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

मागचं दार चार पावलांवर होतं. दारातून बाबांची पाठ दिसत होती, पाय अनवाणी, खाली सारी ओली फरशी, आणि ते लोखंडी कूलरची गवताची ताटी काढून आत वाकलेले. कूलरचा पंखा बंद होता आणि पंप अडकून मुका झालेला. आत करंट आहे हे त्यांना सांगणारं तिथं काहीच नव्हतं. मी ओरडले तर ते दचकून कुठे हात टेकतील याचा नेम नाही. आई दाराकडे निघाली. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि बापाकडे पाठ करून समोरच्या व्हरांड्यातल्या बोर्डाकडे धावले. त्या एवढ्याशा घरातून धावताना मागून आवाज येईल म्हणून कान मागेच लागले होते. दोन्ही हातांनी फ्यूज उपसला. पंख्याची घरघर मंदावत गेली.

मागे आले तेव्हा बाबांचे हात कोपरापर्यंत पाण्यात होते. पंपात गवताची काडी अडकली होती, ती त्यांनी मला वर करून दाखवली. हात आधी घातले की नंतर, हे मी आजवर विचारलं नाही. मी आईवरच तुटून पडले. त्यांचं मन जपायला निघालीस आणि जीव घेतला असतास, असं काय काय बोलले. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

बाबांचं लक्ष माझ्या मुठीकडे गेलं. त्यांनी खिशातला फ्यूज काढला, माझ्या हातातला घेतला आणि दोन्ही तळहातावर ठेवून पाहत राहिले. समजावून सांगायची वेळच आली नाही.

"मले काहून नाही सांगितलं?" त्यांनी आईला विचारलं.

"तुमचं तोंड पाहवलं नसतं मले."

ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "साइटवर असा माणूस असता त मी त्याले त्याच दिवशी लाइनवरून उतरवलं असतं." आवाजात राग नव्हता. त्यांनी नवा फ्यूज पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडला आणि जुना आईच्या हातात दिला. "आता तूच काढ, तूच लाव. मी विचारीन फक्त, काढला का म्हणून."

आईनं आयुष्यात बोर्डाला हात लावला नव्हता. ती व्हरांड्यात गेली आणि तिथून विचारलं, सगळे खाली उतरले का? बाबा उठून उभे राहिले आणि "हो" म्हणाले. मला त्या दिवशी जितकं रडू आलं तितकं नंतरही आलं नाही.

या हिवाळ्यात त्यांना दवाखान्यात नेलं. निघताना घरात मागे कोणीच राहणार नव्हतं, म्हणून आईनं फ्यूज काढून पदराला बांधून घेतला. शेवटी शेवटी बाबांचा हात सारखा छातीवर जायचा. नर्सला वाटलं दुखतंय. दवाखान्याच्या कपड्यांना खिसा नव्हता, ते आम्हा दोघींनाच कळत होतं.

दुपारी त्यांनी डोळे उघडले. "सगळे खाली उतरले का?"

मी लगेच "हो" म्हटलं. आईनं उत्तर दिलं नाही. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते, आणि ते तिच्याकडे पाहत तसेच थांबून राहिले. श्वास अडत होता, तरी थांबले. शेवटी आईनं पदराची गाठ सोडली, फ्यूज त्यांच्या मुठीत ठेवला आणि म्हणाली, "हो."